मिनिटं कोणाची मोजायची?

न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांनी 19 जानेवारी 2024 रोजी एका विधेयकावर नकाराधिकार वापरला. विधेयकाची मागणी तशी साधी होती. पोलिसाने रस्त्यात एखाद्याला चौकशीसाठी गाठलं, तर त्या प्रत्येक वेळची छोटी नोंद ठेवायची: दिसायला माणूस कोणत्या वंशाचा, अंदाजे वय किती, स्त्री की पुरुष, का गाठलं, पुढे काय झालं. महापौरांचं म्हणणं होतं की पोलीस फॉर्म भरत बसला तर गस्त कोण घालणार? हरवलेलं मूल शोधताना दहा जणांना विचारलं तर दहा फॉर्म भरायचे का? समर्थक म्हणत होते, फोनवर चार ठिकाणी बोट टेकवायचं आहे, त्याला मिनिटसुद्धा लागत नाही. 30 जानेवारीला शहराच्या परिषदेने 42 विरुद्ध 9 मतांनी नकाराधिकार उलटवला आणि कायदा झाला.

या वादात ॲडम्स यांचा पूर्वेतिहास फार मजेशीर आहे. ते स्वतः 22 वर्षं न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात होते, कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. 2013 साली, लोकांना रस्त्यात थांबवून झडती घेण्याबद्दल याच खात्याविरुद्ध चाललेल्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली होती, आणि ती पोलिसांच्या बाजूने नव्हती. त्या खटल्याचा सगळा डोलारा उभा होता तो पोलिसांनीच भरलेल्या फॉर्मांवर. ते फॉर्म भरले गेले नसते, तर ॲडम्स यांची साक्ष एका माणसाची आठवण एवढीच उरली असती.

ज्या शनिवारी ॲडम्स यांनी परिषद सदस्यांना पोलिसांच्या गाडीतून फिरवून कामाचा बोजा दाखवायचं ठरवलं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी परिषदेचे एक सदस्य युसेफ सलाम यांचीच गाडी हार्लेममध्ये पोलिसाने थांबवली. हेच ते सलाम, जे पौगंडावस्थेत सेंट्रल पार्कच्या प्रकरणात न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेले आणि पुढे निर्दोष ठरले. आपण परिषदेचे सदस्य आहोत असं त्यांनी सांगितलं आणि थांबवण्याचं कारण विचारलं. अधिकारी कारण न सांगता निरोप घेऊन गेला. गाडीच्या काचा नियमापेक्षा जास्त काळ्या होत्या आणि अधिकारी सभ्यपणे वागला, असं खात्याने नंतर सांगितलं. अधिकारी सभ्यपणे वागला हे पोलिसांच्या कॅमेऱ्यातल्या चित्रफितीत दिसतंच. पण कारण लोकांना कळलं ते नंतर, तेही गाडीत बसलेला माणूस परिषदेचा सदस्य होता म्हणून.

फॉर्मला किती वेळ लागतो हा प्रश्न मी फालतू मानत नाही. आठ-दहा तासांच्या पाळीत रेडिओवर एकामागून एक हाका येत असतात, आणि पाळी संपताना संगणकासमोर बसून दिवसभराचं टंकत बसणं हा कोणाही माणसाला वैताग देणारा प्रकार आहे. ती मिनिटं मोजलीच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच, की ती प्रामाणिकपणे मोजा, आणि मोजून झाल्यावर ती सगळी तोट्याच्या रकान्यात टाकू नका. त्यातली काही मिनिटं म्हणजेच त्या फॉर्मचं काम आहे.

प्रामाणिकपणे मोजायची म्हणजे काय, याचा धडा इंग्लंडकडून घ्यावा.

स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा 1993 मध्ये लंडनमध्ये खून झाला. पोलिसांनी तपासाची कशी वाट लावली याची चौकशी न्यायमूर्ती मॅकफर्सन यांनी केली. फेब्रुवारी 1999 मधल्या त्यांच्या अहवालात एक शिफारस अशी होती, की झडती असो वा नुसती विचारपूस, पोलिसाने थांबवलं की नोंद व्हावी आणि तिची प्रत त्या माणसाच्या हातात पडावी. झडतीची नोंद 1984 च्या कायद्यानुसार आधीच होत असे, आता विचारपुशीचीही सुरू झाली. काही वर्षांतच पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांत 'फूटभर लांब फॉर्म' हा विनोदाचा विषय झाला. 2008 मध्ये सर रॉनी फ्लॅनागन यांनी पोलीस कामकाजाचा आढावा घेतला, तेव्हा या फॉर्मला सरासरी सात मिनिटं लागतात हा आकडा सगळीकडे गाजला. फॉर्म आटपशीर झाला, आणि 2011 मध्ये विचारपुशीच्या नोंदीची देशभरची सक्तीच गेली. झडतीच्या नोंदीतलेही काही रकाने कमी झाले. तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे सांगत होत्या, की यातून पोलिसांचे वर्षाला 8 लाखांपर्यंत तास वाचतील.

आठ लाख तास! ऐकताच वाटतं, केवढा हा अपव्यय. आता जरा भागाकार करून पाहू. त्या वेळी इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे 1 लाख 40 हजार पोलीस अधिकारी होते. म्हणजे माणशी वर्षाला पावणेसहा तासांच्या आसपास. कामाचे दिवस 220 धरले तर दिवसाला दीड मिनिट. सगळेच काही रस्त्यावर नसतात, हे मान्य. चौथाईच रस्त्यावर असतात असं धरा, तरी दिवसाला सहा मिनिटं. आकडा तोच, पण वर्षाच्या तासांत सांगितला की डोंगर दिसतो आणि पाळीच्या मिनिटांत सांगितला की चहा गार व्हायच्या आत संपतो. फॉर्मचे विरोधक नेहमी वर्षाची बेरीज सांगतात, समर्थक नेहमी एका नोंदीचा वेळ सांगतात. दोघंही खोटं बोलत नसतात, पण पोलीस शिपायाला ज्या मापात ओझं जाणवतं ते माप कोणीच सांगत नाही. ते माप म्हणजे एका पाळीतली एकूण मिनिटं.

आणि त्या सात मिनिटांत काय काय धरलं होतं? माणसाशी बोलण्याचा वेळ त्यात आहे का? फॉर्म नसता तरी तो बोललाच असता. नाव आणि वाहन क्रमांक नियंत्रण कक्षाला कळवून उत्तराची वाट पाहण्याचा वेळ? तोही फॉर्ममुळे लागत नाही. फॉर्ममुळे जो वाढतो तेवढाच वेळ फॉर्मच्या नावावर लावायला हवा, आणि हे वेगळं काढणं बोलण्याइतकं सोपं नसतं.

या बाबतीत सगळ्यात मोठा प्रयोग कॅलिफोर्नियात झाला आहे. सॅन दिएगोच्या तेव्हाच्या आमदार शर्ली वेबर यांनी मांडलेला कायदा 2015 मध्ये मंजूर झाला. राज्यातल्या जवळपास सगळ्या पोलीस दलांनी प्रत्येक थांबवणुकीची माहिती राज्याच्या न्याय विभागाला द्यायची. ज्यांच्याकडे हजाराहून अधिक अधिकारी आहेत अशा आठ दलांनी 1 जुलै 2018 पासून सुरुवात केली, लहान दलांची पाळी टप्प्याटप्प्याने नंतर आली. पहिल्या सहा महिन्यांतच आठ दलांकडून सुमारे 18 लाख थांबवणुकींची माहिती जमा झाली. नियम असा, की माणसाला त्याचा वंश, लिंगभाव किंवा अपंगत्व विचारायचं नाही; अधिकाऱ्याला जे वाटलं तेच लिहायचं. हे ऐकून अनेकांना हसू येतं. पण भेदभाव शोधायचा तर समोरचा माणूस खरोखर कोण आहे यापेक्षा पोलिसाला तो कोण वाटला हेच महत्त्वाचं. शिवाय यात वेळही वाचतो, कारण विचारत बसावं लागत नाही. थांबवलेल्या माणसाचं नाव राज्याकडे जात नाही.

आता कल्पना करा, अशा ठिकाणी वेळ मोजायचं काम तुमच्याकडे आलं आहे.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे अधिकाऱ्यांनाच विचारणं. पण नावडत्या कामाला लागलेला वेळ माणूस नेहमी फुगवून सांगतो. त्यात लबाडी नसते, तो वेळ खरोखरच लांब वाटलेला असतो. मग वर्गात बसवून खोटे प्रसंग द्यावेत? तिथे पाऊस नसतो, अंधार नसतो, रेडिओ नसतो, शेजारी ओरडणारा माणूस नसतो. वेळ फारच कमी येतो आणि खरा पोलीस त्यावर विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. सोबत एक निरीक्षक घड्याळ घेऊन बसवला तर पोलीस त्याच्यासमोर चटपटीतपणा दाखवतो किंवा मुद्दाम रेंगाळतो, त्याचा संघटनेशी काय विचार ठरला आहे त्यावर ते अवलंबून. उरतो तो मार्ग म्हणजे यंत्रातच वेळेची नोंद ठेवणं: पडदा कधी उघडला, 'पाठवा' कधी दाबलं. हा सगळ्यात बरा, पण त्यातही गोम आहे. अर्धा फॉर्म भरला, तेवढ्यात हाक आली, अधिकारी धावला आणि चाळीस मिनिटांनी परतून उरलेले रकाने भरले. यंत्र म्हणणार, फॉर्मला बेचाळीस मिनिटं लागली. अशा दोन-चार नोंदी सरासरीचं वाटोळं करतात. म्हणून सरासरीऐवजी मधलं मूल्य सांगावं, म्हणजे निम्म्या नोंदी ज्याच्या आत आटोपल्या तो वेळ. त्याच्या जोडीला सगळ्यात रेंगाळलेल्या दहा टक्क्यांचं काय झालं तेही सांगावं, कारण तक्रार तिथूनच येते.

ती तक्रार बहुधा खरीही असते. कॅलिफोर्नियात नोंद माणसागणिक होते. एकट्या चालकाला थांबवलं, इशारा दिला, सोडलं, तर काम चटकन उरकतं. तेच गाडीत चार तरुण आहेत, चौघांनाही उतरवलं, चौघांची झडती घेतली, तर चार नोंदी, प्रत्येकीत झडतीचा आधार काय आणि सापडलं काय हे लिहायचं. वेळ चौपट लागला तर नवल नाही. पण चौघांची झडती घेणं ही चौपट मोठी गोष्ट आहे, मग ती लिहायला चौपट वेळ लागला म्हणून कुरकुर कशाला? फॉर्म जड वाटतो तो नेमका तिथे, जिथे पोलिसाने माणसाच्या अंगाला हात लावलेला असतो. तसंच असायला हवं.

शिकाऊ काळ आणि सरावाचा काळही वेगळा मोजला पाहिजे. पहिल्या आठवड्यात बोटं अडखळतात. तिसऱ्या महिन्यात तोच अधिकारी रकान्यांकडे न बघता भरतो. चाचणी पहिल्या पंधरवड्यात उरकून टाकायची आणि तो आकडा कायमचा म्हणून मिरवायचा, ही जुनी चलाखी आहे. विरोधकांना ती सोयीची असते, आणि घाईत असलेल्या सरकारी खात्यालाही.

पण माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ फॉर्म खात नाही, यंत्रणा खाते. गस्तीच्या गाडीतल्या संगणकावर ठिकाण, वेळ, अधिकाऱ्याचा क्रमांक आधीच नोंदलेला असतो. ते सगळं दुसऱ्या प्रणालीत पुन्हा टंकावं लागत असेल तर त्याचा दोष भेदभावविरोधी कायद्याला देणं म्हणजे भलत्याच्या पदरी पाप बांधणं झालं. लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरिफ खात्यात, म्हणजे परगण्याच्या पोलीस दलात, नोंदीच्या अशाच दोन वेगळ्या प्रणाली होत्या. या खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या परगण्याच्या महानिरीक्षकांनी 2022 मध्ये त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा वर्षभरातल्या पन्नास हजारांहून अधिक थांबवणुकी राज्याला कळवल्याच गेल्या नव्हत्या असं निघालं. म्हणजे शून्य मिनिटांचे पन्नास हजार फॉर्म! वेळेच्या चाचणीत हे कुठेच दिसलं नसतं, उलट सरासरी झकास आली असती. म्हणून किती वेळ लागला याच्या शेजारीच किती नोंदी झाल्याच नाहीत याचा आकडा छापलेला नसेल, तर अशा चाचणीवर मी विश्वास ठेवणार नाही.

फॉर्म आखूड केला की प्रश्न सुटला, असं समजणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कचा जुना फॉर्म हे चांगलं औषध आहे. तो भरायला सोपा होता, चौकोनात खुणा करायच्या. 'संशयास्पद हालचाली' असा एक चौकोन, 'गुन्ह्यांचं प्रमाण जास्त असलेला भाग' असा दुसरा. त्यांत काहीही बसतं. रस्त्यावर उभा असलेला माणूस पोलीस दिसल्यावर हललाच तर हालचाल संशयास्पद, आणि तो राहतो त्या भागाला आधीच गुन्ह्यांचा भाग ठरवलेलं. ॲडम्स यांनी साक्ष दिली त्याच खटल्यात ऑगस्ट 2013 मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी दिलेल्या निकालात 2004 ते 2012 च्या मध्यापर्यंतच्या 44 लाख थांबवणुकींचा हिशेब आहे. निम्म्याहून अधिक, 52 टक्के, लोकांची अंगझडती झाली. त्या झडत्यांपैकी दीड टक्क्यात शस्त्र सापडलं. एकूण थांबवणुकींतल्या 88 टक्के माणसांना अटक नाही, समन्स नाही, तसंच सोडून दिलं गेलं. आणि वेळेच्या वादाशी थेट संबंध असलेली बाब ही, की कोणत्या गुन्ह्याचा संशय होता हे नेमकं न लिहिलेल्या फॉर्मांचं प्रमाण 2004 मध्ये 1 टक्का होतं, ते 2009 मध्ये 36 टक्के झालं. अशा फॉर्मला वेळ नक्कीच कमी लागत असणार.

इंग्लंडमध्येही असंच चित्र दिसलं. फॉर्म आटवल्यानंतर दोन वर्षांनी, 2013 मध्ये, पोलीस दलांवर देखरेख करणाऱ्या सरकारी निरीक्षण संस्थेने झडतीच्या 8,783 नोंदी तपासल्या. 27 टक्क्यांत झडतीला पुरेसं कारण लिहिलेलंच नव्हतं. हे वाचून कोणी म्हणेल, बघा, फॉर्म असून उपयोग काय! मला उलट दिसतं. कारणाचा रकाना होता म्हणून तर तो रिकामा आहे हे कळलं. कायदा पोलिसाला झडतीचा अधिकार देतो तो कारणासकट देतो, आणि कारण दोन वाक्यांत लिहायला जी दोन-तीन मिनिटं लागतात त्यांना कागदी घोडे म्हणायचं असेल तर अधिकारच काढून घ्यावा.

ही मिनिटं काय करतात हे कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात चांगलं दिसलं. तिथल्या पोलिसांबरोबर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांनी फॉर्म कमी करायला सुचवला नाही, त्यात एक प्रश्न वाढवला: ही थांबवणूक एखाद्या ठोस माहितीच्या आधारावर आहे का, हो की नाही? बस्स, एक चौकोन. एबरहार्ट यांनी जाहीर भाषणात सांगितलेले आकडे असे: 2017 मध्ये ओकलंडच्या पोलिसांनी सुमारे 32 हजार थांबवणुकी केल्या होत्या, हा प्रश्न आल्यानंतरच्या वर्षी त्या 19 हजारांवर आल्या. आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या थांबवणुकी 43 टक्क्यांनी घटल्या. आणि शहर काही चोरांच्या हाती गेलं नाही.

तो चौकोन भरायला दोन सेकंद लागतात. पण दिवा लावून गाडी बाजूला घ्यायला लावण्याआधी त्या दोन सेकंदांची आठवण होते, आणि जो माणूस उगाच थांबवला जाणार होता तो घरी पोचतो. वेळेच्या चाचणीत असा प्रश्न 'वाढीव भार' म्हणून नोंदला जाईल. हजारो न झालेल्या थांबवणुकींचा वाचलेला वेळ मात्र कुठल्याच रकान्यात येणार नाही, कारण जे घडलं नाही त्याला घड्याळ लावता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. फॉर्मच्या कटकटीमुळे पोलीस गरजेच्या थांबवणुकीही टाळतील. मध्यरात्री बंद दुकानाच्या शटरशी खटपट करणारा दिसला, पण पाळी संपायला दहा मिनिटं आहेत, मग कशाला नसती झंझट, असं एखाद्याला वाटू शकतं. असं होतं. माणूस आहे तो. पण मग उपाय असा, की नोंद पाळीच्या आत पूर्ण करायला सवड द्या, ती जादा कामात ढकलू नका, आणि दोन प्रणालींत एकच माहिती भरायला लावू नका. न्यूयॉर्कचा अनुभवही पाहावा. तिथे 2011 मध्ये 6 लाख 85 हजार 724 थांबवणुकी नोंदल्या गेल्या होत्या. खटल्याच्या आणि जनमताच्या रेट्याखाली 2015 पर्यंत हा आकडा 23 हजारांच्या खाली आला. गुन्ह्यांचा पूर येईल असं भाकीत होतं. 2011 मध्ये शहरात 500 च्या वर खून झाले होते. 2014 मध्ये ते 350 च्याही खाली होते. थांबवणुकी कमी झाल्या म्हणून खून कमी झाले असं मी म्हणत नाही, तसा दावा कोणी करूही नये. पण ज्या लाखो थांबवणुकींवाचून शहराचं काही अडलं नाही, त्यांच्यात किती तास गेले होते, हे विचारायला काय हरकत आहे?

हिशेब मांडूनच पाहू. 2011 चा आकडा घ्या. प्रत्येक फॉर्मला पाच मिनिटं लागली असं उदारपणे धरा. होतात सुमारे 57 हजार तास. आता त्याच वर्षीच्या ज्या सुमारे 6 लाख थांबवणुकींतून काहीच निघालं नाही, त्या प्रत्येकीला दहा मिनिटं आणि दोन पोलीस धरा. होतात 2 लाख तास. ही मिनिटं मी गृहीत धरलेली आहेत, कोणाला पटत नसतील तर निम्मी करावीत, तरी दुसरी रक्कम पहिलीहून बरीच मोठी राहते. पोलिसांचा वेळ वाचवायचाच असेल तर तो फॉर्ममध्ये शोधायचा की ज्याचा फॉर्म भरावा लागतो त्या कृतीत?

शिवाय या बेरजेत थांबवलेल्या माणसांची मिनिटं धरलेली नाहीत. त्याच हिशेबाने ती 1 लाख तास होतात. भिंतीकडे तोंड करून, हात वर, शेजारीपाजारी बघतायत, कामाला उशीर होतोय. आजवर ज्या-ज्या ठिकाणी फॉर्मच्या वेळेवर वाद झाला तिथे पोलिसाच्या वेळेची किंमत काढली गेली, या वेळेची किंमत काढण्याचं कोणाला सुचलेलं माझ्या वाचनात नाही.

हे सगळं अमेरिका-इंग्लंडचं, आपला काय संबंध, असं वाचकाला वाटत असेल. आपल्याकडे प्रश्न एक पायरी मागे आहे. नाकाबंदीत कोणाला थांबवलं, कशासाठी थांबवलं आणि काही न सापडता सोडलं तर किती जणांना, याची माणसागणिक नोंद करून ती जाहीर करायची पद्धतच महाराष्ट्रात नाही. पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत 'अमुक ठिकाणी नाकाबंदी केली, इतकी वाहने तपासली' एवढं येतं. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला. पण एखाद्या पारधी तरुणाला तालुक्याच्या बाजारात वर्षभरात किती वेळा हटकलं जातं आणि त्याच बाजारात इतरांना किती वेळा, हे विचारलं तर उत्तर द्यायला कोणाकडे कागद नाही. कार्यकर्ते अनुभव सांगतात, पोलीस तो नाकारतात, आणि दोघांचं खरं-खोटं करायला आकडा नसतो.

वेळ नसतो, हे आपल्याकडचंही ठरलेलं उत्तर आहे. बंदोबस्त, सण, मंत्र्यांचे दौरे, रिकाम्या जागा. आणि त्यात तथ्य आहेच. पण वाहतूक हवालदाराच्या हातातलं ई-चलानचं यंत्र बघा. वाहनाचा क्रमांक, फोटो, जागा, वेळ, कलम, सगळं जागच्या जागी, आणि तुमच्या मोबाइलवर संदेश हजर. दंड वसूल करायचा होता तेव्हा ही मिनिटं कोणाला जड झाली नाहीत.

कारण लिहायला लावण्याचा प्रयोग आपल्याकडे एकदा झाला आहे, तो अटकेच्या बाबतीत. अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2014 मध्ये सांगितलं, की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका. अटक का आवश्यक आहे याची तपाससूची भरा, कारणं जोडा आणि ती दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवा. आठ वर्षांनी, 2022 मध्ये, सतेंद्र कुमार अंतिल खटल्यात त्याच न्यायालयाला हे पुन्हा बजावावं लागलं. एकाच ठशाची वाक्यं नावं बदलून उतरवली की सूची भरली जाते आणि वेळही लागत नाही, हे त्या आठ वर्षांत सगळ्यांना कळून चुकलं होतं. तेव्हा चाचणी घेताना भरलेला मजकूर वाचणारा कोणीतरी हवा. किती नोंदींमध्ये तेच वाक्य अक्षरशः पुन्हा आलं आहे, हे आज संगणक क्षणात काढून देतो.

करायचंच झालं तर महाराष्ट्रात सुरुवात अवघड नाही. एखाद्या पोलीस आयुक्तालयाचं एक परिमंडळ आणि एक ग्रामीण उपविभाग निवडा. चलानच्या यंत्रातच तीन जास्तीचे रकाने घाला: कशामुळे थांबवलं, झडती घेतली का, काय निष्पन्न झालं. थांबवलेल्याचं नाव नको, जात विचारायची तर अजिबात नको; आपल्याकडे ती माहिती पोलिसाच्या यंत्रात जाणं हाच वेगळा धोका आहे, आणि कॅलिफोर्नियाचा 'वाटला तसा लिहा' हा नियम इथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्याऐवजी जागा आणि वेळ नीट नोंदा. कोणत्या वस्तीच्या तोंडाशी नाकाबंदी रोज लागते आणि कोणत्या सोसायटीसमोर कधीच लागत नाही, हे त्यातूनही दिसतं. तीन महिने चालवा आणि पहिला महिना मोजणीत धरू नका. वेळ यंत्राने मोजावा, मधलं मूल्य पाळीमागे सांगावं, आणि नाक्यावरच्या सीसीटीव्हीवरून किती थांबवणुकी नोंदल्याच गेल्या नाहीत हे बाहेरच्या एखाद्या विद्यापीठाच्या माणसांनी ताडून पाहावं. निघालेले आकडे खात्याच्या संकेतस्थळावर महिन्याला टाकावेत. आणि नोंद ठेवण्यात हवालदाराची पाळीमागे दहा मिनिटं जात असतील, तर ती त्याच्या कामाचे तास म्हणून धरावीत आणि ड्युटी लावतानाच तेवढी सवड सोडावी.